संगणक सुरू होईना, तेव्हा

गेल्या आषाढातील गोष्ट. कुंभारवाड्यात तीन दिवस पावसाने उघडीप म्हणून दिली नव्हती. जोयडा तालुक्यातील पाऊस ज्यांनी अनुभवला आहे त्यांस अधिक सांगावयास नको. रस्त्याच्या दोन्ही अंगांस रान, रानातून गेलेल्या विजेच्या तारा आणि त्या तारांवर ओणवलेली झाडे. एखादी फांदी मोडून पडली की गावेच्या गावे अंधारात बुडतात. काळी नदीवरील सुपा धरण आमच्याच तालुक्यात, गणेशगुडीजवळ आहे. त्याच्या पाण्यावर पुढे नागझरीच्या केंद्रात वीज निर्माण होऊन ती दूरच्या शहरांस जाते. आमच्या घरोघरी मात्र पावसाळ्यात मेणबत्ती व काड्यांची पेटी हाताशी ठेवावी लागते.

त्या दिवशी दुपारी शाळेच्या संगणकावर लिनक्स प्रणालीच्या नव्या सुधारणा उतरवून घेण्याचे काम चालले होते. काम निम्म्यावर आले असता वीज गेली. अशा वेळी यंत्रास काही मिनिटे आधार देण्यासाठी यूपीएस असतो. परंतु त्याची बॅटरी जुनी झालेली, तिनेही हात टेकले. दुसऱ्या दिवशी वीज आली, तेव्हा आम्ही मोठ्या आशेने कळ दाबली. दिवा लागला, पंखा फिरू लागला, पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर सरकल्या आणि एका ओळीशी येऊन सारे थांबले. त्या ओळीच्या आरंभी दोन शब्द होते: 'कर्नल पॅनिक'. पुन्हा कळ दाबली, पुन्हा तेच.

एक यंत्र बंद पडले यात एवढे काय, असे कोणी म्हणेल. परंतु त्या यंत्रात इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांचे वर्षभराचे काम होते. आमच्या भागातील कुणबी कुटुंबे परसात व शेतात नाना प्रकारचे कंद लावतात, आणि जोयड्यास कंदमुळांचा मेळाही भरतो, हे सर्वांस ठाऊक आहे. मुलांनी घरोघरी जाऊन त्या कंदांची नावे, लावणीचा काळ, राखण्याच्या व रांधण्याच्या रीती लिहून आणल्या होत्या. वृद्ध स्त्रियांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले होते. त्यांपैकी एक आजी चैत्रात निवर्तल्या. त्यांचा आवाज त्या एका यंत्रावाचून अन्यत्र कोठेही नव्हता. "प्रत्येक गोष्टीची दुसरी प्रत काढून ठेवावी," असे आम्ही वर्गात वर्षभर सांगत होतो. स्वतः मात्र काढली नव्हती.

शहरातील एका जाणत्या दुरुस्तीवाल्यास दूरध्वनीवरून विचारले. ते म्हणाले, "गुरुजी, एवढा विचार कशाला करता? सगळे पुसून प्रणाली नव्याने टाका. अर्ध्या तासाचे काम." हा सल्ला पुष्कळ ठिकाणी दिला जातो आणि यंत्र त्याने सुरूही होते. शेजारी उभ्या असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले, "गुरुजी, नव्याने टाकल्यावर आजींचा आवाज राहील का?" राहिला नसता. म्हणून नवे काही टाकण्यापूर्वी बिघाड नेमका कोठे आहे ते शोधून काढावयाचे, असे आम्ही ठरविले. तो शोध कसा घेतला, हे विद्यार्थी मित्रांस सांगावे, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

संगणक सुरू होण्यास इंग्रजीत 'बूट होणे' म्हणतात. या शब्दामागे एक कोडे आहे. बुटाच्या मागील बाजूस तो ओढून घालण्यासाठी पट्टी असते. तीच पट्टी ओढून स्वतःला जमिनीवरून वर उचलावे, अशी ती कल्पना. आपल्याकडेही म्हणतात की कितीही कसलेला नट असला तरी तो स्वतःच्या खांद्यावर चढू शकत नाही. संगणकाची अडचण हीच आहे. त्याची प्रणाली हार्ड डिस्कवर साठविलेली असते; ती तेथून उचलून स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये, आणल्यावाचून चालत नाही; आणि उचलून आणावयास तर काही प्रणाली आधीच चालू असावी लागते! मग पहिले पाऊल कोणी टाकावे?

याचे उत्तर असे की हे काम एकाच दमात होत नाही, ते टप्प्याटप्प्याने होते. पूर्वी डाकेची थैली हरकारे पायी वाहून नेत. पहिला हरकारा आपल्या चौकीपासून पुढच्या चौकीपर्यंत धावे, तेथे दुसऱ्याच्या हाती थैली देई, दुसरा तिसऱ्याच्या. संगणकात असेच पाच हरकारे आहेत असे समजू.

पहिला हरकारा मुख्य फलकावरील एका लहानशा चिपमध्ये कायमचा वस्तीस असतो. त्यास जुन्या यंत्रांत 'बायोस' व नव्या यंत्रांत 'यूईएफआय' म्हणतात. वीज येताच तो जागा होतो, स्मृती, कीबोर्ड, डिस्क ही सर्व मंडळी हजर आहेत ना हे पाहतो, आणि प्रणाली कोणत्या डिस्कवर शोधावयाची याची यादी उघडतो. दुसरा हरकारा म्हणजे 'ग्रब' नावाची आज्ञावली. ती डिस्कवर एका ठरलेल्या जागी असते. जुन्या पद्धतीत डिस्कच्या अगदी आरंभी ५१२ बाइटांचा एक तुकडा असे, आणि त्यातील ४४६ बाइट एवढ्याच जागेत तिचा पहिला अंश बसवावा लागे. नव्या पद्धतीत तिच्यासाठी एक लहान विभागच राखून ठेवलेला असतो. कोणती प्रणाली सुरू करावयाची याची यादी दाखविणे व निवडलेली प्रणाली स्मृतीत आणणे हे ग्रबचे काम.

तिसरा हरकारा हा सर्वांत महत्त्वाचा: 'कर्नल', म्हणजे प्रणालीचा गाभा. वस्तुतः लिनक्स हे नाव या गाभ्याचेच आहे. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा एक विद्यार्थी लिनस टॉरव्हल्ड्स याने १९९१ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो लिहावयास घेतला व सर्वांसाठी खुला केला. त्याच्या भोवतीची पुष्कळशी साधने रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली घोषित केलेल्या 'ग्नू' या उपक्रमातून आली. आज जगातील पाचशे सर्वांत वेगवान महासंगणकांच्या यादीतील सर्व यंत्रे, नोव्हेंबर २०१७ पासून, लिनक्सवरच चालतात. आणि आपल्या घरातील अँड्रॉइड मोबाइलच्या पोटातही हाच गाभा आहे. केरळ राज्यातील शाळांतून हजारो मुले याच प्रणालीवर संगणक शिकतात. आपल्या देशातील सी-डॅक या संस्थेनेही 'बॉस' नावाची लिनक्स प्रणाली २००७ साली सिद्ध केली.

या गाभ्यापुढेही तेच जुने कोडे उभे राहते. डिस्क उघडावयास तिची भाषा जाणणारे 'ड्रायव्हर' हवेत, आणि ते ड्रायव्हर बहुधा डिस्कवरच असतात; कुलूप लावून किल्ली घरातच राहिल्यासारखे. म्हणून ग्रब कर्नलबरोबर एक लहान गाठोडे देते. त्याचे नाव 'इनिट्रॅमएफएस'. आम्ही मुलांस सांगताना त्यास 'शिदोरी' म्हणतो. प्रवासास निघणाऱ्याने पहिल्या मुक्कामापुरती शिदोरी बरोबर घ्यावी, तसे डिस्क उघडेपर्यंत लागणारे सर्व साहित्य या गाठोड्यात असते. ही शिदोरी उलगडून मुख्य विभाग उघडणे हा चौथा टप्पा. तो उघडला की पाचवा हरकारा 'सिस्टिमडी' जागा होतो. तो जाळे, घड्याळ, छपाई, ध्वनी इत्यादी सेवा सुरू करतो आणि शेवटी नाव व परवलीचा शब्द विचारणारा पडदा आपल्यापुढे ठेवतो.

आता निदानाचे सूत्र सहज ध्यानी येईल. थैली पोहोचली नाही, तर सर्व चौक्या पाडून नव्याने बांधीत बसू नये. थैली शेवटी कोणाच्या हाती होती, एवढे विचारावे. पडद्यावर जे शेवटचे दिसले ते कोणी लिहिले, हे कळले की बिघाडाची चौकी सापडली.

कळ दाबूनही दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही, तर प्रश्न विजेचा. वायर, प्लग व पॉवर सप्लाय पाहावेत. पंखा फिरतो पण पडदा काळा आणि आतून 'बीप बीप' आवाज येतो, तर पहिलाच हरकारा तक्रार करीत आहे. पुष्कळदा रॅमची पट्टी सैल झालेली असते. वीज पूर्ण बंद करून, प्लग काढून, ती पट्टी पुसून नीट बसविली की काम होते. 'सुरू करण्याजोगी डिस्क सापडली नाही' अशा अर्थाची ओळ दिसली, तर पहिला हरकारा धडधाकट आहे, त्यास दुसरा सापडत नाही. येथे डिस्कची वायर पाहावी आणि यादीतील क्रम पाहावा. फलकावर सीआर २०३२ या नावाचा नाण्याएवढा सेल असतो. तो संपला म्हणजे जुन्या यंत्रांत घड्याळ मागे जाते व क्रमही बदलतो. किरकोळ किमतीच्या सेलपायी यंत्र निकामी ठरविले जाण्याचा संभव असतो.

'ग्रब रेस्क्यू' एवढीच अक्षरे दिसली, तर ग्रबचा पहिला अंश आला पण उरलेला अंश त्यास सापडला नाही. डिस्कचे विभाग कोणी पुसले वा बदलले असतील तर असे होते. पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करून ग्रब पुन्हा बसवावे लागते. कंसातील 'इनिट्रॅमएफएस' हा शब्द येऊन कर्सर लुकलुकत राहिला, तर शिदोरी उलगडली, पण मुख्य विभाग उघडला नाही. त्या विभागाच्या नोंदी विस्कटल्या असतील, तर 'एफ-एस-सी-के' या चार अक्षरी आज्ञेने त्या तपासून सुधारता येतात. ही आज्ञा उघडलेल्या, वापरात असलेल्या विभागावर मात्र कधीही देऊ नये. 'इमर्जन्सी मोड' असे शब्द आले, तर पाचवा हरकारा अडला आहे. 'एफस्टॅब' नावाच्या फाईलमध्ये, आता नसलेल्या एखाद्या डिस्कचे नाव राहून गेले आहे का ते पाहावे. सर्व सेवा सुरू होऊन शेवटी पडदाच काळा राहिला, तर दोष बहुधा चित्र दाखविणाऱ्या ड्रायव्हरचा. आणि नाव व परवलीचा शब्द देऊनही तोच पडदा पुन्हापुन्हा येत असेल, तर डिस्क काठोकाठ भरली आहे का तेही पाहावे.

आमच्या पडद्यावर 'कर्नल पॅनिक' असे होते, आणि पुढे मुख्य विभाग जोडता येत नाही अशा अर्थाचे शब्द होते. ही ओळ मुलांस फळ्यावर उतरवून घ्यावयास सांगितले आणि विचारले, "ही ओळ कोणी लिहिली?" थोडा वेळ शांतता पसरली. मग एकाने उत्तर दिले, "कर्नलने." "म्हणजे कर्नलपर्यंत कोण कोण पोहोचले?" मुलांनी बोटे मोजली: वीज ठीक, रॅम ठीक, पहिला हरकारा ठीक, ग्रब ठीक, कर्नल स्वतः ठीक. अडले ते शिदोरीपाशी. इतका वेळ ज्या यंत्रास सारे 'मेले' म्हणत होते त्याचे बहुतेक अवयव निरोगी आहेत, हे त्या पाच बोटांनी सिद्ध केले.

तथापि दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी एक काम करणे अवश्य होते. रोग्यावर शस्त्रक्रिया करण्यापूर्वी वैद्य त्याची नाडी पाहतो, तद्वत दुरुस्तीपूर्वी डिस्कवरील संग्रह बाहेर काढून सुरक्षित ठेवावा. लिनक्सची एक मोठी सोय अशी की संपूर्ण प्रणाली पेनड्राइव्हवरून चालविता येते. यंत्रातील डिस्कला स्पर्शही होत नाही. एका सहकारी शिक्षकांच्या लॅपटॉपवर असा पेनड्राइव्ह तयार केला. यंत्र सुरू होताना योग्य कळ दाबून, पहिल्या हरकाऱ्यास 'आज डिस्कवर नको, पेनड्राइव्हवर शोध' असे सांगितले. ही कळ निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांत निरनिराळी असते; एफ २, एफ १२, एस्केप वा डिलीट यांपैकी एक बहुधा चालते. पेनड्राइव्हवरील प्रणाली सुरू झाली. येथे 'वापरून पाहा' आणि 'बसवा' असे दोन पर्याय येतात; पहिलाच निवडावयाचा. दुसरा निवडून घाईने पुढे गेल्यास डिस्क पुसली जाण्याचे भय असते. मग मूळ डिस्कचा विभाग केवळ वाचण्यापुरता उघडला. त्यात मुलांची धारिका होती. आजींचा आवाज होता. तो सर्व संग्रह दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून घेईपर्यंत कोणी जागचे हलले नाही. उतरवून घेतल्यावर एक ध्वनिफीत प्रत्यक्ष वाजवून पाहिली. कारण प्रत काढली एवढ्याने भागत नाही, ती उघडते की नाही हेही पाहावे लागते.

आता दुरुस्ती. नवा कर्नल बसविला म्हणजे जुना लगेच पुसला जात नाही. एखाददुसरा जुना कर्नल त्याच्या शिदोरीसह राखून ठेवलेला असतो. यंत्र सुरू होताना एस्केप किंवा शिफ्ट ही कळ दाबून ग्रबची यादी पुढे आणली, 'प्रगत पर्याय' या अर्थाच्या ओळीत शिरलो व वरून दुसरा, म्हणजे जुना कर्नल निवडला. ओळी सरकल्या, क्षणभर पडदा काळा झाला, आणि ओळखीचे निळे पटल समोर आले. मुलांनी टाळ्या वाजविल्या.

काम मात्र पुरे झाले नव्हते. वीज गेली तेव्हा नवा कर्नल डिस्कवर उतरला होता, यादीत त्याचे नावही चढले होते. पण त्याची शिदोरी बांधून व्हावयाची होती. प्रत्येक वेळी यंत्र त्या नव्या, उपाशी प्रवाशास पुढे धाडीत होते व तो पहिल्याच मुक्कामी कोसळत होता. म्हणून सामान बसविणाऱ्या 'डीपीकेजी' या आज्ञावलीस अर्धवट राहिलेली जुळणी पूर्ण करावयास सांगितले. मग 'अपडेट-इनिट्रॅमएफएस' या आज्ञेने नव्या कर्नलची शिदोरी पुन्हा बांधली. शेवटी 'अपडेट-ग्रब' या आज्ञेने यादी नव्याने लिहिली. ही नावे डेबियन व उबुंटू या कुळातील प्रणालींची आहेत. अन्य कुळांत नावे वेगळी, काम तेच. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले. नवा कर्नल कोणाच्या मदतीवाचून पाचही चौक्या ओलांडून गेला.

या सर्व खटाटोपास दोन दुपारा लागल्या. पुसून नव्याने टाकण्यास अर्धा तास लागला असता. हिशेब केवळ वेळेचा करावयाचा तर दुरुस्तीवाल्यांचा सल्ला खोटा नव्हता. परंतु नव्याने टाकल्याने बिघाड नाहीसा होतो, तो समजत नाही. पुढल्या पावसाळ्यात पुन्हा वीज गेली असती आणि आम्ही पुन्हा तितकेच अज्ञानी राहिलो असतो. शिवाय जे एकदाच बोलले गेले ते कोणत्याही पेनड्राइव्हवरून पुन्हा बसविता येत नाही.

यातून आम्ही शाळेसाठी चार नियम केले. आकाश भरून आले असता प्रणालीच्या सुधारणा उतरवून घ्यावयाच्या नाहीत. यूपीएसची बॅटरी मृगापूर्वी तपासावयाची. लिनक्स असलेला एक पेनड्राइव्ह कपाटात सदैव तयार ठेवावयाचा. आणि चौथा नियम सर्वांत मोठा: महत्त्वाच्या संग्रहाच्या तीन प्रती, त्यांपैकी एक शाळेच्या इमारतीबाहेर.

विद्यार्थी मित्रहो, पडद्यावर अनोळखी इंग्रजी अक्षरे उमटली म्हणजे मन बावरते, आणि बावरलेला हात चटकन वीज बंद करतो किंवा 'पुसा' म्हणतो. तसे करू नका. ती ओळ वहीत जशीच्या तशी उतरवून घ्या, शब्दकोश काढून तिचा अर्थ लावा, आणि ती कोणी लिहिली हे स्वतःस विचारा. यंत्र आपल्या परीने आपले दुखणे सांगत असते. ते ऐकून घेण्याइतका धीर मात्र आपल्यापाशी हवा.

आजींचा आवाज आता तीन ठिकाणी आहे: शाळेच्या संगणकावर, कपाटातील पेनड्राइव्हवर आणि त्यांच्या घरी, त्यांच्या नातवाच्या मोबाइलमध्ये. कंद केव्हा काढावा आणि बियाणे कोठे राखावे, हे त्या त्यात सांगत आहेत.